दोन मिलिमीटरांचा प्रश्न : मेंदूचे प्रतिमांकन आणि कंपवाताची शस्त्रक्रिया

मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेने उभे असलेले किलोमीटरचे खांब आपण रोज पाहतो, पण त्यांच्याकडे लक्ष देत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजायला सुरुवात केली, की ठाणे सुमारे ३४ किलोमीटरवर येते, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर. रुळाला कुठे तडा गेला तर तो 'अमुक किलोमीटरवर' असे कळवले जाते आणि दुरुस्तीचे पथक रात्रीच्या अंधारातही नेमके तेथे पोहोचते. तडा आधी डोळ्यांना दिसण्याची गरज नसते. आरंभबिंदू ठरलेला असला आणि अंतर मोजलेले असले, म्हणजे पुरे.

आता हाच प्रश्न मेंदूच्या बाबतीत विचारून पाहू. कवटीच्या आत सात-आठ सेंटीमीटर खोल, वाटाण्याएवढ्या एका जागी, वाटेतल्या रक्तवाहिन्यांना धक्का न लावता एक बारीक तार पोहोचवायची आहे. कवटी उघडून ती जागा पाहता येत नाही. मग तिचा पत्ता कसा सांगायचा? मोजायला सुरुवात कुठून करायची? आणि एका माणसाच्या मेंदूत काढलेला पत्ता दुसऱ्या माणसाच्या मेंदूत चालेल का?

कंपवात आणि हालचालींचे इतर विकार यांवर आज 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' म्हणजे मेंदूच्या खोल भागाच्या विद्युत् उद्दीपनाचा (थोडक्यात डीबीएसचा) उपचार केला जातो. या उपचाराचा इतिहास बहुतेक वेळा विजेच्या अंगाने सांगितला जातो. आम्हाला तो पाहण्याच्या अंगाने सांगावासा वाटतो. कारण वीज गेली पन्नास वर्षे जवळजवळ तीच आहे. बदलत गेले आहे ते डॉक्टरांना मेंदूत काय दिसते ते.

थरथरणारा हात

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली 'थरथरणारा लकवा' या नावाने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात केवळ सहा रुग्णांचे वर्णन होते आणि त्यांतील काही तर त्यांनी रस्त्याने जातायेता पाहिलेले होते. विश्रांतीच्या वेळी होणारा हाताचा कंप, पुढे झुकलेले शरीर, छोटी छोटी घाईची पावले हे त्यांचे निरीक्षण आजही वर्गात शिकवण्यासारखे आहे. आयुर्वेदाच्या परंपरेत 'कंपवात' हा शब्द आहेच, आणि मराठीत आपण या रोगाला तेच नाव वापरतो.

मुंबईने या रोगाच्या अभ्यासात एक महत्त्वाची भर घातली आहे. येथील पारशी समाजात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्ष नदीर भरुचा, एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. १४,०१० व्यक्तींमध्ये ४६ रुग्ण आढळले, म्हणजे एक लाखाला सुमारे ३२८. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त असल्यामुळे हा आकडा मोठा दिसतो, हे लक्षात घ्यायला हवे. पण त्यातूनच दुसरी गोष्ट कळते. ज्या समाजात माणसे दीर्घकाळ जगू लागतील, तेथे हे रुग्ण वाढणार.

रोगाचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या 'कृष्णद्रव्य' या भागात आहे. तेथील चेतापेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. या पेशी मरू लागल्या, की हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांचा आपापसांतला तोल बिघडतो. रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असते, हे व्हिएन्नाचे हॉर्निकिविच आणि एरिंगर यांनी १९६० साली दाखवून दिले.

हवेचे चित्र

मेंदूतल्या जागेला निर्देशक देण्याची कल्पना रॉबर्ट क्लार्क आणि व्हिक्टर हॉर्स्ले या इंग्रज शास्त्रज्ञांची. १९०८ साली त्यांनी प्राण्यांसाठी एक चौकट प्रसिद्ध केली. डोके चौकटीत घट्ट बसवायचे, कानाची भोके आणि डोळ्यांच्या खोबणीची कड यांपासून तीन दिशांनी अंतरे मोजायची आणि त्या ठिकाणी सुई न्यायची. निर्देशक भूमितीत आपण प्रतलावरील बिंदू दोन संख्यांनी दाखवतो. येथे तिसरी संख्या लागते, एवढाच फरक.

प्राण्यांवर हे जमले, कारण एका जातीच्या प्राण्यांच्या कवट्या आणि मेंदू यांचे नाते बरेचसे ठरलेले असते. माणसाचे तसे नाही. दोन माणसांची कवटी सारखी दिसली, तरी आतल्या केंद्रांच्या जागा काही मिलिमीटरांनी सहज वेगळ्या असतात. म्हणून माणसासाठी कवटीवरचा आरंभबिंदू निरुपयोगी ठरला. तो मेंदूच्या आतच शोधायला हवा होता. पण क्ष-किरणांना मेंदू दिसत नाही. हाड दिसते, मेंदूची मऊ ऊती सगळी एकसारखी धूसर.

यावर उपाय निघाला तो हवेचा. अमेरिकेचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूतील पोकळ्यांमधला द्रव काढून तेथे हवा भरली आणि क्ष-किरण छायाचित्र घेतले. हवेतून क्ष-किरण सहज जात असल्याने पोकळ्यांची आकृती चित्रात उमटली. रुग्णाला ही तपासणी फार त्रासदायक होती. पण मेंदूच्या आतली एखादी खूण प्रथमच दिसू लागली. फिलाडेल्फियाचे स्पीगल आणि वायसिस यांनी १९४७ साली या खुणांचा आधार घेऊन माणसासाठी चौकट तयार केली. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९४९ साली अर्धवर्तुळाकार कमानीची चौकट आणली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. पॅरिसचे तालेराक यांनी तिसऱ्या पोकळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकांशी असलेले दोन आडवे चेतातंतूंचे पट्टे जोडणारी रेषा मोजमापासाठी घेतली. या रेषेची लांबी सुमारे २५ मिलिमीटर असते. आपल्या उपमेत बोलायचे तर मेंदूतील 'शून्य किलोमीटर' सापडला.

शून्य सापडला, पण नकाशा? त्यासाठी मृत व्यक्तींच्या मेंदूंचे पातळ काप घेऊन नकाशासंग्रह काढण्यात आले. शाल्टेनब्रँड यांचा १९५९ चा आणि पुढे १९७७ चा संग्रह हे जगभरच्या शल्यविशारदांचे पाठ्यपुस्तक झाले. त्यातील सविस्तर काप मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मेंदूंचे होते. म्हणजे फिलाडेल्फिया असो, मद्रास असो की मुंबई, शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या रुग्णाच्या मेंदूचा पत्ता युरोपातल्या मोजक्या, कधीच न भेटलेल्या माणसांच्या मेंदूवरून काढला जात होता.

मद्रास, बंगलोर, मुंबई

भारतातही या शाखेने लवकर मूळ धरले. मद्रासला बी. राममूर्ती आणि व्ही. बालसुब्रमण्यम यांच्या चमूने १९६० च्या दशकात चौकटीच्या साहाय्याने कंपवाताच्या शस्त्रक्रिया केल्या. जगातल्या सुरुवातीच्या महिला चेताशल्यविशारदांपैकी एक असलेल्या टी. एस. कनका याच चमूत होत्या. बंगलोरला आर. एम. वर्मा यांनी कवटीच्या तळाशी असलेल्या नैसर्गिक छिद्रातून सुई नेऊन कंपवातावर उपचार करण्याची स्वतःची पद्धत काढली. तिला वेगळी चौकट लागत नसे. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात होमी दस्तूर यांनी १९५० च्या दशकात चेताशल्य विभाग उभा केला. ठाणे-कल्याणच्या रुग्णाला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईचीच वाट धरावी लागे.

त्या काळच्या शस्त्रक्रियेत वीज सोडून उद्दीपन करत नसत. थॅलॅमससारख्या केंद्रातला लहानसा भाग कायमचा जाळून किंवा गोठवून निकामी करत. कंप थांबे. पण जागा थोडी चुकली तर बोलणे अडखळे, हातापायाची शक्ती जाई, आणि ते परत दुरुस्त करता येत नसे. म्हणून शस्त्रक्रिया रुग्ण जागा असतानाच करत. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना जाणवत नाही, त्यामुळे हे शक्य होते. पॅरिसमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अतिसूक्ष्म विद्युतअग्राने एकेका चेतापेशीचे स्पंदन टिपण्याची पद्धत निघाली. स्पंदने ध्वनिवर्धकावर ऐकवली, की प्रत्येक केंद्राचा आवाज वेगळा येतो. बोगद्यातून जाताना डोळे मिटलेल्या प्रवाशाला गाडीच्या बदललेल्या आवाजावरून पारसिकचा बोगदा आल्याचे कळावे, तसेच हे. डोळ्यांना जे दिसत नव्हते ते कानांनी आणि रुग्णाच्या हाताने सांगावे, अशी ती व्यवस्था होती.

गोळी आली, शस्त्रक्रिया मागे पडली

१९६७ साली अमेरिकेतील जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपाची मोठी मात्रा हळूहळू वाढवत देऊन कंपवाताचे रुग्ण लक्षणीय सुधारतात हे दाखवले. मेंदूत गेल्यावर लेव्होडोपाचे डोपामिन होते. हे रसायन आपल्याला अनोळखी नाही. मुरबाड-शहापूरच्या रानात जाणाऱ्या मुलांना अंगाला लागली की खाज आणणारी खाजकुइलीची शेंग माहीत असते. तिच्या बियांमधून लेव्होडोपा वेगळे करण्याचे काम मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच केले होते. मुंबईच्या अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बियांच्या चूर्णाचा कंपवाताच्या रुग्णांवरील अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. (बियांतील औषधाची मात्रा अनिश्चित असते. घरगुती प्रयोग कोणीही करू नयेत.)

गोळीने काम होते म्हटल्यावर कवटीला भोक कोण पाडून घेणार? १९७० च्या दशकात या शस्त्रक्रिया जवळजवळ थांबल्या. पण काही वर्षांनी गोळीची मर्यादा दिसू लागली. सुरुवातीला दिवसभर पुरणारा परिणाम पुढे दोन-तीन तासांत ओसरू लागतो. गोळी लागू झाली, की अंग नको तसे वळवळते, आणि उतरली की माणूस जागच्या जागी खिळतो. शस्त्रक्रियेकडे परत जाण्याचे कारण तयार झाले.

मधल्या काळात दोन यंत्रे आली होती. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा मिळवता येते हे दाखवले, आणि त्यातून एमआरआय जन्माला आले. हवा भरण्याचा छळ संपला. मेंदू स्वतःच दिसू लागला.

ग्रेनोबलचे निरीक्षण

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद कंपाच्या रुग्णांच्या थॅलॅमसमधला भाग जाळण्याआधी जागा बरोबर आहे का हे पाहण्यासाठी तेथे सौम्य वीज सोडून पाहत. ही नेहमीचीच चाचणी होती. सेकंदाला शंभराहून अधिक स्पंदने दिली की कंप थांबतो, आणि वीज बंद केली की परत सुरू होतो, हे त्यांनी हेरले. मग जाळायचे कशाला? तारच तेथे ठेवून दिली तर? १९८७ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. जागा थोडी चुकली तर वीज कमी करता येते, बंद करता येते. उलटवता न येणारी शस्त्रक्रिया उलटवता येण्याजोगी झाली.

दुसरा धागा प्रयोगशाळेतून आला. कॅलिफोर्नियात १९८२ साली काही तरुणांना भेसळयुक्त अमली पदार्थामुळे अचानक कंपवात झाला. त्यातील एमपीटीपी हे रसायन कृष्णद्रव्यातील पेशी मारते असे आढळले. त्यामुळे माकडांमध्ये या रोगाची प्रतिकृती तयार करता आली. बर्गमन, विचमन आणि डीलाँग यांनी १९९० साली दाखवले, की अशा माकडांमधले अधोथॅलॅमिक केंद्रक निकामी केले तर लक्षणे कमी होतात. १९९३ साली ग्रेनोबलच्या चमूने याच केंद्रकात तार बसवली. कंपाबरोबर ताठरपणा आणि मंदपणाही कमी झाला. अमेरिकेने १९९७ साली कंपासाठी आणि २००२ साली कंपवातासाठी या उपचाराला मान्यता दिली. मुंबईत जसलोक रुग्णालयातील परेश दोशी आणि मोहित भट्ट यांच्या चमूने दोन्ही बाजूंच्या अधोथॅलॅमिक केंद्रकाच्या उद्दीपनाचा अनुभव २००३ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात मांडला.

दोन मिलिमीटर

आता या केंद्रकाचा पत्ता पाहा. वर सांगितलेल्या रेषेच्या मध्यबिंदूपासून बाजूला सुमारे १२ मिलिमीटर, मागे सुमारे ३ आणि खाली सुमारे ४. आकार चपट्या भिंगासारखा. त्यात बसणारी तार १.२७ मिलिमीटर जाडीची. तिच्या टोकाशी दीड-दीड मिलिमीटर लांबीचे चार विद्युत्स्पर्श असतात आणि छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या पेटीतून त्यांना सेकंदाला साधारण १३० स्पंदने मिळतात.

वाटाण्याएवढ्या या केंद्रकातही विभाग आहेत. वरचा, मागचा आणि बाहेरच्या बाजूचा भाग हालचालींशी जोडलेला. पुढचा आणि आतला भाग विचार व भावनांशी. बाहेरून अगदी खेटून जातो तो मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या तंतूंचा मोठा पट्टा. वीज तिकडे सांडली तर चेहरा आणि हात आखडतात. बोलणे जड होते.

अंतर किती महत्त्वाचे असते याचे पॅरिसमधील एक उदाहरण १९९९ साली प्रसिद्ध झाले. एका ६५ वर्षांच्या बाईंना पूर्वी कधीही नैराश्याचा त्रास नव्हता. तारेवरच्या एका स्पर्शातून वीज सोडताच काही सेकंदांत त्यांचा चेहरा पडला, त्या रडू लागल्या, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागल्या. वीज थांबवल्यावर दीड मिनिटाच्या आत त्या पूर्ववत झाल्या. तो स्पर्श कृष्णद्रव्यात होता. ज्या ठिकाणच्या विजेने त्यांची कंपवाताची लक्षणे कमी होत, ती जागा केवळ दोन मिलिमीटर वर होती.

दोन मिलिमीटर म्हणजे आपल्या मोजपट्टीवरच्या दोन बारीक रेघा. एवढ्या अंतरात एका माणसाचा हात स्थिर होतो किंवा जगण्याची इच्छा जाते. उपचाराचे यश वीज किती सोडली यापेक्षा ती कोठे पडली यावर ठरते, हे या एका घटनेने सर्वांना पटवले. जसलोकच्या चमूनेही शस्त्रक्रियेनंतर नैराश्यातून आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णाची नोंद २००२ साली प्रसिद्ध केली होती. आपल्या उपचाराचे दुष्परिणाम उघडपणे छापणे हा विज्ञानाचाच भाग आहे, हे येथे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

केंद्रक दिसू लागले

एमआरआय आले तरी सुरुवातीच्या प्रतिमांत हे केंद्रक स्पष्ट दिसत नसे. ते दिसू लागले ते त्यातील लोहामुळे. एमआरआयमध्ये पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके चुंबकीय क्षेत्रात एकतालात फिरू लागतात आणि त्यांचा एकत्रित संकेत आपण टिपतो. कवायतीत सगळी मुले एका तालात पाय आपटतात तोवर आवाज मोठा येतो, ताल सुटला की तो विरतो, तसाच हा प्रकार. लोह असेल तेथे चुंबकीय क्षेत्रात बारीक विषमता येते, केंद्रकांचा ताल लवकर सुटतो आणि प्रतिमेत ती जागा काळी दिसते. या गुणाचा फायदा घेणाऱ्या प्रतिमांमध्ये अधोथॅलॅमिक केंद्रक आणि त्याखालचे कृष्णद्रव्य असे दोन शेजारी वेगळे ओळखता येतात. चुंबक जितका शक्तिशाली तितके चित्र रेखीव. रुग्णालयांत १.५ आणि ३ टेस्लाची यंत्रे असतात, काही संशोधन केंद्रांत ७ टेस्लाची.

एमआरआयमध्ये मऊ ऊती छान दिसतात, पण कडेला चित्र किंचित वाकते. सीटीमध्ये भूमिती चोख असते, पण हे केंद्रक दिसत नाही. म्हणून दोन्ही प्रतिमा संगणकावर एकावर एक बसवतात. भूगोलाच्या तासाला पर्जन्यमानाचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढून तो पिकांच्या नकाशावर ठेवतो, तसेच. तार बसवल्यावर पुन्हा सीटी काढून ती नेमकी कोठे बसली हे तपासले जाते. कारण कवटीला छिद्र पाडले की थोडा द्रव बाहेर येतो, हवा आत जाते आणि मेंदू एखाद-दोन मिलिमीटर सरकतो. आधी काढलेला पत्ता तेवढ्याने जुना होतो.

स्थानक आणि रूळ

कल्याण जंक्शनवर उभे राहिलेल्या प्रवाशाला 'मी कल्याणला आहे' एवढे माहीत असून भागत नाही. येथून एक मार्ग कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. काही पावलांवरचा फलाट चुकला तर माणूस भलत्याच घाटाखाली पोहोचतो. अधोथॅलॅमिक केंद्रक हेही जंक्शनच आहे. म्हणून गेल्या वीस वर्षांत संशोधकांचे लक्ष स्थानकाकडून रुळांकडे वळले.

रूळ पाहण्याची युक्ती पाण्याच्या हालचालीवर आधारलेली आहे. खराट्याच्या जुडीत शिरलेली मुंगी हिरांच्या दिशेने सहज चालते, आडवे जाणे तिला कठीण पडते. मेंदूतल्या पाण्याचे रेणूही चेतातंतूंच्या लांबीच्या दिशेने अधिक सहज सरकतात. बॅसर, मॅतिएल्लो आणि ल बिहां यांनी १९९४ साली ही दिशा एमआरआयने मोजण्याचे गणित मांडले. बिंदूबिंदूची दिशा जोडत गेले की तंतूंचे मार्ग रेखाटता येतात. हाताच्या थरकापावर उपचार करताना लहान मेंदूकडून थॅलॅमसकडे जाणारा मार्ग असा आधी रेखाटून त्यावर नेम धरण्याचे प्रयत्न २०११ च्या सुमारास जर्मनीत सुरू झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार वेगवेगळ्या विकारांसाठी बसवलेल्या ५३४ विद्युतअग्रांच्या जागा एकत्र मांडल्या गेल्या आणि प्रत्येक विकारात कोणत्या मार्गाला वीज लागली की रुग्ण सुधारतो याचा नकाशा तयार झाला. कंपवाताचा मार्ग वेगळा, डिस्टोनियाचा (म्हणजे स्नायू पिळवटण्याच्या विकाराचा) वेगळा निघाला.

येथे सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. हे रंगीत मार्ग छायाचित्र नव्हेत, ते गणिताने काढलेले अनुमान आहे. दोन मार्ग एकमेकांना छेदतात तेथे संगणक फसू शकतो. नसलेला रूळ दाखवू शकतो, असलेला गाळू शकतो. म्हणून अनेक ठिकाणी आजही सूक्ष्म विद्युतअग्राचा आवाज ऐकला जातो आणि जाग्या रुग्णाला मूठ उघडमीट करायला सांगितले जाते. काही केंद्रे मात्र भूल देऊन केवळ प्रतिमांच्या आधारे शस्त्रक्रिया करतात. हा वाद अजून संपलेला नाही.

शस्त्रक्रियेनंतरची फेरी

तार बसली म्हणजे काम संपले असे नाही. कोणता स्पर्श चालू ठेवायचा, वीज किती, स्पंदन किती रुंद, हे सगळे जुळवावे लागते. नव्या तारांमध्ये स्पर्शांचे तुकडे करून वीज एका बाजूला वळवण्याचीही सोय असते, त्यामुळे शक्यता प्रचंड वाढतात. ही जुळवणी प्रयत्न आणि निरीक्षण यांनी होते आणि तिला महिने लागतात. डोंबिवलीतल्या रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? सकाळची गोळी न घेता, म्हणजे अंग सर्वांत जखडलेले असताना, कोणाच्या तरी आधाराने मुंबई गाठायची, आणि तेही पुन्हा पुन्हा.

प्रतिमांकनाची खरी कसोटी आम्हाला येथे दिसते. टोरांटोच्या चमूने २०२१ साली ६७ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. उद्दीपन चालू असताना मेंदूचा कार्यदर्शी एमआरआय काढला, तर जुळवणी योग्य असताना आणि अयोग्य असताना मेंदूचा प्रतिसाद वेगळा दिसतो. हा फरक शिकवलेल्या संगणकाने योग्य जुळवणी ८८ टक्के अचूकतेने ओळखली. ही पद्धत रुळली तर फेऱ्या कमी होतील. दुसरीकडे मेंदूचे संकेत स्वतः वाचून वीज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेला अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. डीबीएसने रोग थांबत नाही, लक्षणे आटोक्यात येतात. लेव्होडोपाने जे सुधारते तेच बहुधा याने सुधारते. तोल जाणे, स्मृती मंदावणे यांवर त्याचा फारसा उपयोग नाही. मेंदूत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका थोडा का होईना, असतो. आणि खर्च अनेक लाखांच्या घरात जातो.

सरासरीचा मेंदू

हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत जयंती शिवस्वामी यांच्या गटाने १०० भारतीय तरुण-तरुणींच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा २०१९ साली प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य आणि चिनी नकाशांच्या तुलनेत लांबी, रुंदी, उंची यांत तो सरासरीने लहान आढळला. (याचा बुद्धीशी संबंध जोडण्याची चूक विद्यार्थ्यांना करू देऊ नये. येथे प्रश्न फक्त मिलिमीटरांचा आहे.) परका नकाशा जसाच्या तसा वापरू नये हे त्यातून कळते. पण भारतीय सरासरी ही देखील सरासरीच. टेबलावर असतो तो एक माणूस. १९४७ पासूनचा हा सारा इतिहास म्हणजे सरासरीच्या मेंदूकडून या माणसाच्या मेंदूकडे येण्याचा प्रवास आहे. त्यासाठी चांगली एमआरआय यंत्रे स्वस्त आणि जवळ हवीत. मुंबईत पवईला मुख्यालय असलेल्या 'समीर' या शासकीय संस्थेच्या पुढाकाराने १.५ टेस्लाचे देशी यंत्र विकसित झाले असून त्याच्या चाचण्यांसाठी २०२५ साली दिल्लीच्या एम्सशी करार झाला. हे काम म्हणूनच महत्त्वाचे आहे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. कणकेचे दोन गोळे सारख्या आकाराच्या डब्यांत दाबून बसवा. पहिल्यात एक वाटाणा लपवा आणि डब्याच्या एका कोपऱ्यापासून त्याची तीन अंतरे लिहून ठेवा. दुसऱ्या गटाने ती अंतरे वाचून विणकामाची सुई खुपसावी. बहुधा वाटाणा लागेल. आता दुसऱ्या डब्यात त्याच अंतरांवर वाटाणा ठेवा, पण नंतर कणीक एका बाजूने थोडी दाबा, आणि तेच आकडे द्या. सुई चुकेल. दाबल्यानंतरचे अंतर कणीक न फोडता कसे मोजता येईल, असे मुलांना विचारा. कोणी वाटाण्याऐवजी छोटा छर्रा ठेवून बाहेरून चुंबकसूची फिरवण्याचे सुचवील, कोणी उजेडात धरण्याचे, कोणी टाचणीने टोचून आवाज ऐकण्याचे. शंभर वर्षांत शास्त्रज्ञांना जे सुचले त्यातले बरेचसे तुमच्या फळ्यावर एका तासात लिहिले जाईल. आकडे बरोबर असूनही नेम का चुकला, हा प्रश्न मात्र मुले घरी जातानाही सोबत नेतील.